सुट्या भागांचा तह

कॅबिनेटच्या खोक्यात स्क्रूंची एक चिमुकली पिशवी येते. पिशवीतले स्क्रू वरवर एकसारखे दिसले तरी त्यांत दोन जाती असतात. एकीचे आटे रुंद, दुसरीचे बारीक. रुंद आट्यांचा स्क्रू अमेरिकी इंची मापाचा, इंचाला ३२ आटे. बारीक आट्यांचा मेट्रिक, ३ मिलिमीटर व्यासाचा, दर अर्ध्या मिलिमीटरला एक आटा. एसएमपीएस आणि जुन्या मोठ्या मापाची हार्ड डिस्क पहिल्याने आवळायची, छोट्या मापाची एसएसडी दुसऱ्याने. अदलाबदल करून जोर लावला की आटे मरतात.

जिथे साध्या स्क्रूंचे एकमत नाही, तिथे एका कंपनीची रॅम दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात टक्कन बसते आणि लगेच कामाला लागते, हे खरे नवल. प्रोसेसर अमेरिकेत आखलेला आणि तैवानात घडलेला, रॅमवरच्या चिप कोरियन, बोर्डाची कंपनी तैवानची आणि तिचा कारखाना बहुधा चीनमध्ये. हे सगळे भाग पहिल्यांदा एकमेकांना भेटतात ते आपल्या जेवणाच्या टेबलावर. फ्रीज, वॉशिंग मशीन, मोबाइल यांपैकी काहीच असे आठ-दहा दुकानांतून भाग गोळा करून जोडता येत नाही. डेस्कटॉप तेवढा येतो. संगणक घरी ‘बनवला’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात आपण तो जोडतो. जोडणे शक्य होते, कारण कोणती खाच कुठे, कोणत्या तारेत किती व्होल्ट, कोणते भोक कोणत्या भोकापासून किती अंतरावर, याचे तह आधीच झालेले असतात. पीसी जोडायला शिकायचे तर हे तह कुठे लागू आहेत आणि कुठे संपतात, एवढे कळले की निम्मे काम झाले.

तह सहजासहजी झाले नाहीत. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर ऑल्टेअर ८८०० झळकला. अल्बुकर्कीची एमआयटीएस ही कंपनी तो सुट्या भागांच्या संचात विकत असे. इंटेलचा ८०८० प्रोसेसर, मूळ संचात २५६ बाइट मेमरी, कीबोर्ड नाही, पडदा नाही. दर्शनी बाजूला खटके आणि लुकलुकणारे दिवे. तो खऱ्या अर्थाने बनवावा लागे, सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन. पुढच्याच वर्षी स्टीव्ह वॉझनियॅकचा पहिला ॲपल आला. त्यात बोर्ड तयार मिळे, पण पेटी, कीबोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर ज्याचा त्याने आणायचा. ही हौशी लोकांची दुनिया होती. तिच्यातून आजचा पीसी थेट उतरला, असे म्हणता येणार नाही. तो उतरला एका मोठ्या कंपनीच्या घाईतून.

आयबीएमला छोट्या संगणकांच्या बाजारात उतरायला उशीर झाला होता. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूला जेमतेम वर्षभराची मुदत मिळाली. एवढ्या वेळात सगळे स्वतः घडवणे अशक्य, म्हणून चमूने बाजारात मिळेल ते उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, प्रिंटर एप्सनचा. १२ ऑगस्ट १९८१ला पीसी जाहीर झाला. बोर्डावर पाच मोकळे खण ठेवलेले होते. इतरांनी त्यांत बसणारी कार्डे बनवावीत म्हणून आयबीएमने विद्युत आराखड्यांसकट तांत्रिक पुस्तिका छापून विकली. यंत्रात आयबीएमचे खास स्वतःचे म्हणावे असे एकच होते, ते म्हणजे सुरुवातीला यंत्राला जाग आणणारा बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम. त्याची संहितासुद्धा पुस्तिकेत होती. कुणालाही वाचता येत होती, पण स्वामित्वहक्कामुळे उतरवून घेता येत नव्हती.

ह्यूस्टनच्या नव्या कोऱ्या कॉम्पॅक कंपनीने यावर वकिली डोक्याचा तोडगा काढला. एका गटाने बायोस वाचायचा आणि तो काय काय करतो एवढेच लिहून द्यायचे. दुसऱ्या गटाने मूळ संहितेचे एक अक्षरही न पाहता, त्या वर्णनावरून नवा बायोस लिहायचा. काम तेच, अक्षरे वेगळी. नोव्हेंबर १९८२मध्ये कॉम्पॅकने आपला पीसी जाहीर केला. १९८४मध्ये फीनिक्स या कंपनीने याच रीतीने लिहिलेला बायोस मागेल त्याला विकायला काढला आणि पीसी कुणा एकाचा राहिला नाही. आयबीएमने १९८७मध्ये पीएस/२ यंत्रे आणून दार पुन्हा लावून पाहिले. नवे खण, नवे परवाने, परवान्यांची नवी फी. कॉम्पॅकसकट नऊ प्रतिस्पर्ध्यांनी १९८८मध्ये एकत्र येऊन स्वतःचा वेगळा खण जाहीर केला. यात आयबीएम तर हरलीच, आणि त्या नऊ जणांचा खणही फार टिकला नाही. शेवटी तह लिहिण्याची सूत्रे गेली इंटेलकडे. १९९२मध्ये पीसीआय हा खण, १९९५मध्ये एटीएक्स. यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत तर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले अजय भट्ट होते.

एटीएक्स हा बोर्डाचा आराखडा आहे. पूर्ण मापाचा बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब, २४४ रुंद. स्क्रूंची भोके कुठे, मागची चौकट केवढी, एसएमपीएस केवढा, हे सगळे त्यात ठरलेले. २००४च्या सुमारास खुद्द इंटेलनेच, हवा खेळती राहावी म्हणून, बीटीएक्स नावाचा अधिक शहाणा आराखडा पुढे केला. तो रुजला नाही. तीस वर्षांपूर्वीचे कॅबिनेट माळ्यावरून काढले तरी आजचा बोर्ड त्यात बसेल. ग्राफिक कार्ड मात्र लांबीला अडेल.

भारतात हा सगळा प्रकार ‘असेंबल्ड’ या नावाने घरोघर पोहोचला. १९८४च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली झाली. १९९७मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि सुट्या भागांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, त्या नावाने विचारणारा गिऱ्हाईक विरळा), पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस. काउंटरवर कागदाच्या चिठोऱ्यावर कोटेशन लिहून घ्यायचे, तेच घेऊन शेजारच्या दुकानात जायचे आणि दोनशे रुपये तोडून परत यायचे. ब्रँडेड संगणक परवडत नसे, म्हणून लोक असेंबल्ड घेत. आज ते कारण बरेच पातळ झाले आहे. पत्रे टाइप करणे, जीएसटीचे रिटर्न भरणे आणि यूट्यूब पाहणे एवढेच काम असेल, तर माझ्या मते पीसी जोडण्याच्या फंदात पडू नये. तळहाताएवढा तयार मिनी पीसी किंवा एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना पण सुस्थितीतला डेस्कटॉप स्वस्त पडतो. व्हिडिओ संपादन, त्रिमिती आरेखन, गेम, घरच्या घरी एआयची मॉडेले चालवणे असली कामे असतील आणि चार वर्षांनी एकच भाग बदलून यंत्र पुन्हा तरणे करायचे असेल, तरच जोडण्यात अर्थ आहे.

खरेदीला लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी एसएमपीएसपासून करेन. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, हातात घेतल्यावर हलका लागणारा, अंगावर ‘४५० वॅट’ असे ठळक लेबल असलेला एसएमपीएस हे आपल्याकडच्या असेंबल्ड यंत्रांचे जुने दुखणे आहे. या डब्याचे काम २३० व्होल्टची एसी घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी देणे. एटीएक्सच्या तहात त्याचे बोर्डाशी बोलणेही ठरलेले आहे. जुन्या रंगीत वायरींवर ते छान दिसते. जांभळ्या वायरीत यंत्र बंद असतानाही ५ व्होल्ट जागे असतात. आपण बटण दाबले की बोर्ड हिरवी वायर शून्यावर ओढतो आणि एसएमपीएस सुरू होतो. सगळे दाब ठरलेल्या मर्यादेत आले की राखाडी वायरीतून ‘ठीक आहे’ असा इशारा येतो. हा इशारा शंभर ते पाचशे मिलिसेकंदांत यावा असे ठरलेले आहे, आणि तो आल्याशिवाय प्रोसेसर पहिले पाऊल टाकत नाही. दुरुस्तीवाला हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून पंखा फिरतो का ते पाहतो. तो या वेळी बोर्डाचे सोंग घेऊन एसएमपीएसला फसवत असतो.

लाइट गेल्यावर काय, हेही ठरलेले आहे. भिंतीतली वीज तुटल्यावर एसएमपीएसने पोटातल्या कपॅसिटरवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरला पाहिजे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एका आवर्तनापेक्षा किंचित कमी. घरगुती यूपीएस सहसा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, म्हणून यंत्राला पत्ता लागत नाही. घराच्या इन्व्हर्टरला मात्र बदलायला जास्त वेळ लागू शकतो. इन्व्हर्टर असूनही लाइट गेल्यावर पीसी रीस्टार्ट होतो ही तक्रार त्यामुळेच. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा एक खटका असतो, तो यूपीएसकडे करून पाहावा. एसएमपीएस हलक्या प्रतीचा असेल तर तोही उपयोगी पडत नाही.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. जुन्या घरात कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा पाय लागला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात, एसएमपीएस ‘लीक’ आहे. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. विजेतला खरखराट गाळण्यासाठी एसएमपीएसच्या दाराशी दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजपासून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याकडे. गाळलेला खरखराट अर्थिंगमधून जमिनीत जावा ही अपेक्षा. अर्थिंगच नसेल, किंवा कुणी तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कोंबला असेल, तर दोन सारख्या कपॅसिटरांच्या मधोमध लटकलेला पत्रा फेज आणि न्यूट्रल यांच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी क्षीण असतो, माणसाला सहसा इजा होत नाही. मात्र या अवस्थेत मॉनिटरची किंवा टीव्हीची केबल खोचली तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकते. एसएमपीएस बदलून हे दुखणे जात नाही. त्याला इलेक्ट्रिशियनच हवा. संगणक जोडण्याच्या खर्चात घराची अर्थिंग तपासण्याचा खर्च कुणी धरत नाही, धरायला हवा.

‘८० प्लस’चा शिक्का पाहून एसएमपीएस घ्यावा असे सांगतात. निम्म्या भारावरच्या ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. शॉर्ट झाल्यावर डबा वेळेत बंद होईल का, याबद्दल तो काही बोलत नाही. त्यासाठी कंपनीची पत आणि वॉरंटीची वर्षे पाहावीत.

प्रोसेसरच्या सॉकेटाशी येऊन तह तुटतो. एके काळी असे नव्हते. नव्वदच्या दशकातल्या सॉकेट ७ मध्ये इंटेलचा पेंटियम, एएमडीचे प्रोसेसर आणि सायरिक्सचेही बसत. एकच बोर्ड घ्या, हवा तो प्रोसेसर लावा. १९९७मध्ये पेंटियम २ आणताना इंटेलने स्वतःचा वेगळा खण काढला आणि ते दिवस संपले. तेव्हापासून प्रोसेसर निवडला की बोर्डाची जात ठरते. इंटेल सॉकेट झपाट्याने बदलते: २०२०ला १२०० टोकांचे, २०२१ला १७०० टोकांचे, २०२४ला १८५१चे. एएमडीचे एएम४ मात्र २०१६ला आले आणि २०१७च्या पहिल्या रायझनपासून थेट २०२४मध्ये बाजारात आलेल्या प्रोसेसरांपर्यंत पुरले. तेही सुखासुखी नाही. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की नवे प्रोसेसर ‘बी४५०’ जातीच्या बोर्डांवर चालणार नाहीत. बायोसच्या चिपमध्ये एवढ्या पिढ्यांची माहिती मावत नाही, हे एक कारण. गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला की दोन आठवड्यांच्या आत कंपनीला शब्द फिरवावा लागला.

बसवताना दोन रीती. एएम४च्या प्रोसेसरला खाली पिना असतात; त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो स्वतःच्या वजनाने आत उतरू द्यायचा. इंटेलमध्ये आणि नव्या एएम५मध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या. त्यांवर बोट किंवा स्क्रू-ड्रायव्हर पडला तर बोर्ड गेला. दोन्हीकडे जोर लावायचा नाही. एएम४चा जुना हीटसिंक काढतानाही सावध असावे. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला इतकी धरून ठेवते की हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो, पिना वाकवून. आधी यंत्र थोडे चालवून गरम करावे, मग हीटसिंक डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा.

ही पेस्ट इतकी महत्त्वाची का? रायझन ५६०० च्या झाकणाखाली ज्या सिलिकॉनच्या तुकड्यात सहा कोअर आहेत, तो जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा. पूर्ण भारावर त्यातून सुमारे ६० वॅट उष्णता बाहेर पडते. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे ५ वॅट. प्रोसेसरच्या त्या तुकड्यात हाच आकडा ७५ निघतो, इस्त्रीच्या पंधरा पट. ही उष्णता हीटसिंकमध्ये पोहोचायची तर वाटेत हवा नको. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंमध्ये सूक्ष्म खड्डे असतातच आणि त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता ०.०२६, चांगल्या पेस्टची चार ते आठ, तांब्याची चारशेच्या आसपास. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांब्यापेक्षा पन्नास-शंभर पटींनी वाईट. ती खड्डे बुजवण्यापुरतीच हवी. वाटाण्याएवढा एक ठिपका मधोमध पुरतो. वरून हीटसिंक दाबला की तो आपोआप पसरतो. हीटसिंकच्या तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नये.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी त्याच्याच खोक्यावर ठेवून, प्रोसेसर, हीटसिंक आणि रॅम एवढेच लावून एकदा सुरू करून पाहावा. सगळे आवळून झाल्यावर दोष शोधणे फार जिवावर येते. कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी जुळतात का ते मोजावे. भोक नसलेल्या जागी एखादा स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. मग एसएसडी. आता तिला वायरही लागत नाही, २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब पट्टी तिरकी खोचून आडवी करायची आणि एका बारक्या स्क्रूने धरायची. मग ग्राफिक कार्ड. खणातून त्याला ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या प्रत्येक वायरीतून आणखी १५०. मोठ्या कार्डांसाठी २०२२मध्ये सोळा पिनांचे नवे कनेक्टर आले. त्यातून ६०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा बारीक पिनांत वाटून. पूर्ण आत न बसलेले असे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी त्याच वर्षी आल्या. पुढच्या वर्षी आराखड्यात इशाऱ्याच्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला ते कळावे. इथे हलक्या हाताने काम भागत नाही. टकचा आवाज येईपर्यंत दाबावे.

शेवटी कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या वायरी. पंचेचाळीस वर्षांत मानकांची जाडजूड बाडे तयार झाली, पण पॉवरचे बटण, रीसेट आणि दोन दिवे यांच्या सुट्या वायरी आजही बोर्डाच्या पुस्तिकेत डोके घालून, नखाएवढ्या पिनांवर एकेक खोचाव्या लागतात. बटणाला उलटसुलट चालते, दिव्याला चालत नाही. हे एवढे का ठरू नये, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

जिथे तह नाही अशी आणखी एक जागा आहे, आणि ती धोक्याची आहे. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दोन्ही टोकांनी सुटतात. बोर्डाकडचे किंवा डिस्ककडचे टोक सगळ्या कंपन्यांचे सारखे, कारण ते तहात आहे. एसएमपीएसकडचे टोक तहात नाही. दिसायला प्लग तोच, आतला वायरींचा क्रम वेगळा. जुन्या एसएमपीएसची केबल ड्रॉवरमध्ये पडली होती म्हणून नव्याला लावली, की ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क क्षणात मरू शकते, त्यातल्या फोटोंसकट. एसएमपीएस बदलला की केबलही बदलायच्या.

बटण दाबले, पंखे फिरले, पण ‘डिस्प्ले येत नाही’. दुकानातला पोऱ्या आधी काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. रॅम काढतो, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासतो, फुंकर मारतो आणि पुन्हा लावतो. किनारपट्टीच्या दमट हवेत या उपायाला यश येते खरे, पण श्रेय खोडरबरापेक्षा काढून पुन्हा नीट बसवण्याला जास्त. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दर वेळी घासला तर उडतो. त्याआधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी बोर्डाला तर लावली नाही? प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक आहे का? रायझन ५६०० ला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यांनाही नाही. बऱ्याच बोर्डांवर चार छोटे दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक आणि डिस्क यांचे. जो पेटून राहील तिथे घोडे अडले आहे. आणि डीडीआर५ रॅम असेल तर काहीच न करता थांबावे. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड प्रत्येक तारेवरच्या संकेताची वेळ जुळवत बसतो. त्यात काही मिनिटेही जातात. तोवर पडदा काळाच. इथे घाबरून वीज तोडली की सगळे पहिल्यापासून.

डिस्प्ले आला की बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग पाहावा. ३२०० च्या वेगाची म्हणून विकलेली डीडीआर४ रॅम पहिल्या दिवशी बऱ्याचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालू असते. कारण अशा रॅमवर ३२०० हा आकडा विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला असतो, आणि तो वापरायचा तर ‘एक्सएमपी’ नावाची सोय आपण हाताने चालू करावी लागते. ३२०० चे पैसे मोजून वर्षानुवर्षे २४०० वर चालणारी कितीतरी यंत्रे आपल्याकडे असतील.

त्यानंतर बिले. असेंबल्ड यंत्राची वॉरंटी भागाभागाची असते: रॅमची एका कंपनीकडे, बोर्डाची दुसऱ्या, एसएमपीएसची तिसऱ्या. प्रत्येक भागावरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा. ‘ट्रे’चा प्रोसेसर, म्हणजे खोक्याविना सुटा आलेला, हजार-दीड हजाराने स्वस्त मिळतो, त्याची वॉरंटी बहुधा दुकानदाराच्या शब्दाएवढीच.

रॅमचे मात्र एवढ्यावर भागत नाही, कारण जोडणीचा हा सगळा खेळ आता नेमका तिथेच कसाला लागला आहे. चार खणांच्या बोर्डात दोन रॅम लावायच्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खणात लावा, असे पुस्तिका सांगते. बहुतेक बोर्डांत तार आधी जवळच्या खणात जाते आणि तिथून पुढच्या. जवळच्यात रॅम लावली तर पुढे तारेचे मोकळे टोक लोंबकळत राहते आणि त्यावरून संकेत परावर्तित होऊन मागे येतो, म्हणजे मूळ संकेतात गोंधळ. दूरच्यात लावली तर टोक मोकळे राहत नाही. जुन्या वेगांना हा गोंधळ पचत असे. डीडीआर५ला पचत नाही. एएम५च्या पहिल्या प्रोसेसरांना दोन रॅमवर एएमडी ५२०० चा वेग देते, चार लावल्या की अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो.

लॅपटॉप याच कारणाने बोर्डालाच चिकटवलेल्या रॅमकडे वळले, निदान अंशतः. दुसरे कारण जाडी आणि तिसरे नफा. पण २०२५मध्ये फ्रेमवर्क या कंपनीने डेस्कटॉप आणला, तेव्हा त्यातही रॅम सोल्डर केलेली निघाली. सुटे भाग आणि घरी दुरुस्ती हाच ज्या कंपनीचा बाणा, तिने हे करावे याचे अनेकांना वाईट वाटले. कंपनीचे म्हणणे असे की त्यातल्या एएमडीच्या प्रोसेसरला मेमरीची वाट इतकी रुंद लागते की काढता-घालता येणाऱ्या खणातून संकेत शुद्ध राहत नाहीत. एएमडीच्या अभियंत्यांसोबत प्रयत्न करून पाहिला, जमला नाही. दुसरीकडे जेडेक या मानकसंस्थेने डिसेंबर २०२३मध्ये सीएएमएम२ नावाच्या नव्या जोडणीवर शिक्कामोर्तब केले. तिची कल्पना डेलमधली. त्यात रॅम उभी खोचायची नाही, आडवी ठेवून बोर्डावर दाबून आवळायची, म्हणजे तारा आखूड राहतात. २०२४च्या तैपेईतल्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात असा डेस्कटॉप बोर्ड मांडलेला होता.

ती रॅम लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर सर्रास मिळेपर्यंत आपल्याला जुन्याच खणांवर भागवायचे आहे. ‘आत्ता एक टाकू, दिवाळीत आणखी एक वाढवू’ हा असेंबल्डवाल्यांचा हिशेब डीडीआर३, डीडीआर४च्या काळात बिनदिक्कत चाले. डीडीआर५चा पीसी जोडताना तो सोडून द्यावा. पुढच्या चार वर्षांत किती रॅम लागेल ते आजच ठरवावे, तेवढी दोन सारख्या पट्ट्यांत, एकाच पाकिटातली घ्यावी, आणि उरलेले दोन खण रिकामे ठेवावेत. दोनच खणांचा बोर्ड मिळत असेल तर तो घ्यावा. त्यात मोकळ्या टोकाची भानगडच नाही, आणि तो थोडा स्वस्तही पडतो.